बढाईची हुंडी

मोताळ्याला जायचे म्हणजे रात्रीच्या गाडीने मुंबई सोडायची, भुसावळ मागे टाकून मलकापूरला उतरायचे आणि तेथून बुलढाण्याकडे जाणारी एस. टी. धरायची. खिडकीशी बसावे, तो दोन्ही अंगांना कपाशी, सोयाबीन आणि मधूनमधून मक्याचे उभे पट्टे. पुढे राजूरचा घाट चढून गाडी बुलढाण्याला पोहोचते. पण घाट लागण्याआधीच आमचे मोताळा येते. तालुक्याचे गाव असले तरी मुंबईत हे नाव घेतल्यावर ऐकणाऱ्याचा चेहरा कोराच राहतो. मग शेगाव, लोणार, सिंदखेडराजा अशी साक्षीदारांची रांग उभी करून जिल्हा पटवून द्यावा लागतो.

आमची ताई मोताळ्याला दिलेली. यंदा श्रावणात तिचा फोन आला, "पोळ्याला ये. तुझे दाजी अलीकडे घुम्यासारखे बसतात. तू आलास म्हणजे चार शब्द तरी बोलतील." दाजींचे कारण मला ठाऊक होते. उन्हाळ्यात त्यांनी दावणीची जोडी विकली होती. दोन वर्षे सोयाबीनने हात दिला नाही, कर्जाचा हप्ता थांबत नाही आणि नांगरटीला ट्रॅक्टर भाड्याने मिळतो. हिशेबाच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते. पण ऐन पोळ्याला रिकामी दावण पाहणे हा हिशेबाचा विषय नव्हे.

आमचे दाजी एके काळचे नावाजलेले झडतीवाले! वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना हा शब्द उमगायचा नाही, म्हणून थोडे सांगतो. पोळ्याच्या दिवशी शिंगांना रंग, अंगावर झूल आणि गळ्यात घुंगरमाळा घालून बैल गावाच्या तोरणाखाली उभे राहतात. तोरण तुटण्याआधी एकेक शेतकरी पुढे होतो आणि ठसक्यात यमकांची फैर झाडतो. आपल्या बैलाची ऐट, आपल्या घराचा तोरा, सावकाराला टोला, पुढाऱ्याला चिमटा, सरकारला कानपिचकी असे सारे त्यात येते. शेवटी तो महादेवाचा गजर करतो आणि सारा गाव त्याला साथ देतो. हीच झडती. वर्षभर जो माणूस मान खाली घालून वखर हाकतो, तो त्या दिवशी चारचौघांत मान वर करून बोलतो. आणि त्या दिवशी त्याला कोणी उद्धट म्हणत नाही.

हे गाणे की भांडण?

पोचलो त्या दिवशी दुपारी ओसरीवर जरा आडवा झालो होतो. आतल्या खोलीतून ढोलाचे दणके आणि त्यांवर एका पुरुषाचा तडतडणारा आवाज येऊ लागला. भाषा कळेना, चाल सापडेना. मी विचारले, "अरे, हा माणूस गातो आहे की भांडतो आहे?"

भाचा मोबाइल हातात घेऊनच बाहेर आला. वय एकोणीस, कॉलेजात दुसरे वर्ष. म्हणाला, "मामा, भांडून नाही रायला तो. सोताची झडती म्हनून रायला!"

त्याचे हे उत्तर मला मोठे मार्मिक वाटले. गायक होता दक्षिण आफ्रिकेतला कॅस्पर न्योव्हेस्ट आणि गाणे होते 'डॉक शेबेलेझा', २०१४ सालचे. आरंभापासून अखेरपर्यंत स्वतःचाच डंका. असल्या गाण्याला 'रॅप' म्हणतात आणि ज्या चळवळीतून ते निघाले तिला 'हिपहॉप', एवढे आता घरोघरच्या मुलांमुळे आपणांस कळू लागले आहे. पण मुलांना हे का आवडते, याचा विचार करण्याऐवजी आपण दार लावून घेतो. मीही आजवर तेच करीत आलो होतो.

याचे एक कारण आपल्या संस्कारांत आहे. समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणे सांगितली, त्यांत स्वतःची स्तुती करणारा अगदी आरंभीच येतो. विराटपुत्र उत्तराची फजिती आपण लहानपणी हसत हसत ऐकली. 'उथळ पाण्याला खळखळाट फार' हे तर प्रत्येक आजीच्या तोंडी. महाभारताच्या कर्णपर्वात तर याहून पुढची गोष्ट आहे. गांडीव दुसऱ्याला देऊन टाक असे जो म्हणेल त्याचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. आणि रागाच्या भरात तेच शब्द धर्मराज बोलून जातो. श्रीकृष्ण तोड काढतो: वडीलधाऱ्याचा अपमान हाच त्याचा वध समज. अर्जुन तसे करतो आणि मग पश्चात्तापाने स्वतःचाच प्राण घ्यायला निघतो. तेव्हा श्रीकृष्ण म्हणतो, तू आपल्या तोंडाने आपले गुण गा. आत्मस्तुती हीच आत्महत्या. एवढा कडक निकाल जेथे लागला आहे, तेथे मोबाइलवरचा हा डंका आम्हाला कसा रुचावा?

पण भाच्याने मला त्या गाणाऱ्याची पुढची हकीकत सांगितली, आणि मी उठून बसलो.

आधी बोलला, मग भरले

या कॅस्परचे खरे नाव रेफिलोए फूलो. जन्म १९९० सालचा. गाव माहिकेंग, बोट्स्वानाच्या सरहद्दीजवळचे. जुन्या वाचकांना हे गाव 'मॅफेकिंग' या नावाने आठवेल. बोअर युद्धात १८९९-१९०० साली तेथे २१७ दिवस वेढा पडला होता आणि बालवीर चळवळीचे जनक बेडन पॉवेल त्या वेळी तेथले सेनानी होते. जगाच्या इतिहासात एकदा नाव झळकून पुन्हा बाजूला पडलेले हे गाव. तेथला हा मुलगा शाळा अर्धवट सोडून जोहान्सबर्गला गेला. तो रॅप करतो तो पुष्कळसा आपल्या मातृभाषेत, सेत्स्वानात, मधूनमधून इंग्रजीची फोडणी देऊन. या मिश्र शैलीला तिकडे 'मोत्स्वाको' म्हणतात. शब्दाचा अर्थच मिश्रण. २०१४ साली त्याचा पहिला संग्रह निघाला, 'त्शोलोफेलो', म्हणजे आशा.

जोहान्सबर्गजवळ डोम नावाचे सुमारे वीस हजार माणसांचे भव्य प्रेक्षागृह होते. परदेशांतले बडे कलावंत आले म्हणजे ते भरे. देशातल्या रॅपवाल्याने एकट्याच्या नावावर ते भरावे, असे तोवर घडले नव्हते. कॅस्परने जाहीर केले, की मी डोम भरणार! लोक हसले. वर्तमानपत्रांत टिंगल झाली. प्रतिस्पर्ध्यांनी तर संधीच साधली. पण बोललेला शब्द आता मागे घेता येत नव्हता. ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी डोम भरला. पुढच्या वर्षी त्याने सोवेटोमधल्या ऑर्लांडो मैदानाचा पण केला. २०१७ च्या डिसेंबरात तर एफ. एन. बी. मैदानाचाच विडा उचलला. २०१० सालच्या विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना जेथे झाला आणि २०१३ साली नेल्सन मंडेलांना जेथे राष्ट्राने निरोप दिला, ते हे मैदान. तेथे सुमारे ६८ हजार लोक आल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले.

भाचा म्हणाला, "मामा, गानं तं कोनीबी म्हनते. यानं आधी बोलून टाकलं आन् मंग करून दावलं. मले त्याचं हेच आवडते."

मी मनाशी म्हटले, ही बढाई नव्हे, ही हुंडी आहे! गाठीला पैसा नसता चार साक्षीदारांदेखत लिहून दिलेली हुंडी. मुदतीला वटली तर पत वाढते, न वटली तर दिवाळे. उत्तराची चूक तो बोलला ही नव्हती. रणांगण दिसताच तो रथातून उडी टाकून पळाला, ही होती. बढाईला आपण हसतो ते ती न वटल्यामुळे.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. 'डॉक शेबेलेझा' हे नाव कॅस्परचे नव्हे. ते १९९० नंतरच्या काळात तिकडे गाजलेल्या 'क्वायटो' संगीतातल्या एका जुन्या गायकाचे. म्हणजे आपला डंका वाजवताना या तरुणाने गाण्याच्या कपाळी नाव लिहिले ते आपल्या आधीच्या पिढीतल्या माणसाचे.

आफ्रिकेचे भाट

रॅपची जन्मकथा सांगताना न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्स या गरीब वस्तीचे नाव घेतात. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथल्या एका चाळवजा इमारतीत जमैकात जन्मलेल्या एका तरुणाने, 'कूल हर्क' या नावाने, बहिणीने ठरवलेल्या मेजवानीत तबकड्या वाजवल्या. शाळेचे नवे कपडे घ्यायला चार पैसे जमावेत, हा बहिणीचा हेतू. त्या तालावर बोलता बोलता पुढे एक कला उभी राहिली. घर नाही, नोकरी नाही, वर्तमानपत्रात नाव येते ते फक्त गुन्ह्याच्या बातमीत, अशा मुलांनी आपले नाव आपणच मोठ्याने घ्यायला सुरुवात केली. कारण दुसरे कोणी घेत नव्हते.

पण आफ्रिकेला ही कला नवी नव्हती. झुलू राजांच्या दरबारी 'इंबोंगी' असत, आपल्याकडच्या भाटांसारखे. राजाचा पराक्रम ते ताना मारीत गात आणि प्रसंगी राजाला चार शब्द सुनावीतही. १९९४ साली मंडेलांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हाही असा स्तुतिपाठक व्यासपीठावर होता. कॅस्परच्या त्स्वाना समाजातही प्रमुखांची स्तुतिकाव्ये पिढ्यान् पिढ्या चालत आली आहेत. शेजारच्या बासोथो समाजातली चाल तर मोठी बोलकी आहे. तेथली मुले वयात येताना काही काळ डोंगरात राहून संस्कार पुरा करून येतात; आणि परतल्यावर गावासमोर उभे राहून प्रत्येकाने स्वतःच रचलेले स्वतःचे स्तुतिकाव्य म्हणायचे असते. मी कोण, कोणाचा, मी काय करीन, हे गावासमोर बोलल्याखेरीज पोर पुरुष होत नाही!

आपल्या मुंजीत बटू 'भिक्षां देहि' म्हणतो. तेथला मुलगा 'मी आलो आहे' म्हणतो. दोन्ही संस्कारच. एक नम्रतेचा, दुसरा जबाबदारीचा.

आपणही काही कमी नव्हतो

आणि आपण तरी फक्त नम्रच होतो काय? संतांनी अभंगाच्या शेवटी आपले नाव घातले ते पायरीवर डोके ठेवावे तसे. पण शाहिरांनी कवनाच्या शेवटी नाव घातले ते फेट्याचा तुरा उडवीत! रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जातीची चौकट मोडून तमाशाच्या फडात उतरले, ते 'पठ्ठे बापूराव' होऊन. 'पठ्ठे' हा शब्द म्हणजेच एक ललकारी. १९४५ साली ते गेले, पण नाव त्या ललकारीनेच उरले. कलगीवाले आणि तुरेवाले यांचे सामने तर रात्र रात्र चालत. कलगीवाल्यांनी शक्ती श्रेष्ठ म्हणायचे, तुरेवाल्यांनी शिव. एकाने कूट घालायचे, दुसऱ्याने ते सोडवून उलटे कूट घालायचे. आणि हरणाऱ्याने डफ खाली ठेवायचा, असे जुनी माणसे सांगत. आजची मुले ज्याला रॅपची 'बॅटल' म्हणतात ती हीच. फक्त डफाच्या जागी आता यंत्राचा ठोका आला आहे.

म्हणूनच ही कला आपल्याकडे रुजायला वेळ लागला नाही. २०१५ साली मुंबईच्या वस्त्यांतून आलेल्या डिव्हाइन आणि नेझी या दोघांचे 'मेरे गली में' गाजले. २०१९ साली 'गली बॉय' चित्रपटाने ती गल्ली घरोघर नेली. २०२३ साली पुण्याच्या वस्तीतला एम. सी. स्टॅन दूरदर्शन संचावरच्या 'बिग बॉस'च्या सोळाव्या पर्वाचा विजेता ठरला. २०२४ साली श्रेयस सागवेकर आणि क्रेटेक्स यांच्या 'तांबडी चामडी'ने मराठी ठसका परदेशांतल्या नाचघरांत पोचवला. आणि आमच्या वऱ्हाडाबद्दल बोलायचे तर अमरावतीचा सौरभ अभ्यंकर आपले नाव '१०० आर. बी. एच.' असे लिहितो. शंभराचा उच्चार 'सौ' करून पाहा, म्हणजे गंमत कळेल! तो वऱ्हाडी बोलीतच रॅप करतो. ज्या बोलीला शहरातल्या नाटकांनी फक्त विनोदी नोकराचे काम दिले, ती बोली आता छाती काढून उभी आहे.

नाण्याला दुसरी बाजू आहे, हेही सांगितले पाहिजे. यांतली पुष्कळ गाणी म्हणजे गाडी, घड्याळ आणि गळ्यातली साखळी यांची नुसती यादी असते. शिव्यांचा सुकाळ असतो. स्त्रियांविषयीचा उल्लेख घरात ऐकवत नाही. मी हे भाच्याला बोलून दाखवले. तो म्हणाला, "बराबर हाय मामा. पन झडत्याबी काय समद्या चांगल्याच रायतात का?" मला गप्प बसावे लागले.

तोरणाखाली

पोळ्याच्या दिवशी सकाळी ताईने पुरण शिजवले. दाजी आरामखुर्चीत. शेजारच्या गोठ्यातून घुंगरांचे आवाज येत होते आणि प्रत्येक आवाजागणिक दाजींचा चेहरा अधिकच बंद होत होता. चार वाजता भाचा म्हणाला, "बाबा, चाला तोरनाखाली."

दाजी म्हणाले, "ज्याच्या दावनीले बैल नाही, त्यानं झडती म्हनू नये."

दिवसभरातले त्यांचे ते पहिले वाक्य. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे खास साहाय्य जाहीर केले होते, त्यांत आमचा बुलढाणाही होता. तेव्हापासून शेतकऱ्याच्या दुःखावर कितीतरी अहवाल झाले. पण ते दुःख माणसाच्या तोंडून वाचा कशी काढून घेते, हे मला त्या एका वाक्यात कळले. कर्जाने दाजींचे बैल नेले होते. पण त्याबरोबर वर्षातून एकदा मान वर करण्याचा त्यांचा हक्कही नेला होता.

भाचा आणि मी दोघेच गेलो. तोरणाखाली पूर्वी बैलांची दाटी मावत नसे, म्हणतात. यंदा मोकळी जागा पुष्कळ होती. झडत्या झाल्या. कोणी भावाला हात घातला, कोणी पुढाऱ्यांना. हशा झाला, गजर झाला. आता तोरण तुटणार, तेवढ्यात भाच्याने हात वर केला. त्याच्याजवळ बैल नाही हे साऱ्या गावाला माहीत. कुजबूज झाली. त्याने हातानेच मांडीवर ठेका धरला आणि सुरू केले. चाल त्या आफ्रिकेच्या गड्याची, बोली मोताळ्याची, आणि विषय त्याच्या बापाचा! विकलेल्या दोन्ही बैलांची नावे त्याने घेतली. त्यांनी किती वर्षे कोणते वावर ओढले, बापाने कोणत्या साली कोणाचे शेत अडचणीत फुकट नांगरून दिले, सारे यमकात बसवले. आणि शेवटी म्हणाला, की पुढच्या पोळ्याला याच जागी आमची जोडी उभी राहील. नाही राहिली तर माझे नाव घेऊ नका.

क्षणभर शांतता. मग कोणीतरी ओरडले, "पैशे कुठून आनशीन रे?" लोक हसले. माझ्या पोटात धस्स झाले. पण मानाच्या जोडीजवळ उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने हात उंचावून महादेवाचा गजर केला आणि साऱ्या गावाने त्याला साथ दिली. हुंडी गावाने स्वीकारली!

परत वळताना देवळाच्या पायरीशी दाजी उभे दिसले. केव्हा आले होते कोण जाणे. आम्ही तिघे न बोलता चालू लागलो. घर जवळ आल्यावर ते म्हणाले, "चवथ्या वळीत ठेका सुटला तुया."

भाचा म्हणाला, "हो बाबा."

"पुढच्या खेपेले सुटू देऊ नको."

रात्री जेवणानंतर मी भाच्याला एकीकडे घेऊन पैशांचे विचारले. मला वाटले, पोर भावनेच्या भरात बोलून गेले. त्याने उशाखालून वही काढली. सुटीच्या दिवशी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळणारी मजुरी, लग्नाच्या वरातीत ध्वनिक्षेपक लावण्याचे काम, महिन्यागणिक जमा. मी बेरीज केली. जोडी त्यात येत नव्हती. एक गोऱ्हा कसाबसा आला असता. तसे मी म्हटले. तो म्हणाला, "मालूम हाय मामा. म्हनूनच तं सगळ्याईसमोर बोललो. आता बसता येनार नाही."

त्या कॅस्परने गाजवलेला डोम आता प्रेक्षागृह राहिलेला नाही. २०२१ साली तो विकला गेला आणि तेथे जुन्या मोटारींचा व्यापार सुरू झाला. भिंती गेल्या तरी एका पोराने बोलून तो भरला होता, ही गोष्ट मात्र मोताळ्यातल्या एका ओसरीपर्यंत येऊन पोचली. तेव्हा वाचकहो, आपल्या घरातल्या मुलाच्या खोलीतून असला तडतडाट ऐकू आला, तर दार लावून घेण्यापूर्वी एकदा विचारा, की बाबा रे, हा काय म्हणतो आहे? आणि तू काय म्हणणार आहेस?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तेव्हा अंगणातल्या दोरीवर दाजींनी काहीतरी उन्हाला घातले होते. जवळ जाऊन पाहिले, तर बैलांच्या दोन झुली. एकीचा काठ उसवला होता आणि ताई सुईत दोरा ओवीत होती.

हुंडीची मुदत पुढल्या पिठोरी अमावास्येची आहे. मी रजा आताच मागून ठेवली आहे.